आनशीची ओळ

आमच्या घरात 'दुसरी' म्हटलं की कुणाला दुसरी बायको आठवायची नाही, टीव्हीची दुसरी वाहिनी आठवायची. सरकारी टीव्हीच्या तेव्हा दोनच वाहिन्या होत्या. पहिली अख्ख्या देशाची आणि दुसरी मुंबई व आसपासच्या पट्ट्यापुरती, रोजचे मोजके तास चालणारी. पहिलीवर दिल्लीचे मंत्री फिती कापायचे. दुसरीवर नाटकांचे प्रवेश, भरल्या वांग्यांची कृती, शहरातल्या पाणीकपातीची सूचना असं सगळं घरगुती चालायचं, आणि मधेमधे फुलदाणीशेजारी बसून "यानंतर आपण पाहणार आहोत" असं सांगणारी एखादी निवेदिका यायची. त्या फुलदाणीशेजारच्या बायांमधली एक मी होते. हंगामी. महिन्यातले दहा-बारा दिवस मिळायचे, साडी घरची न्यायची आणि कमरेच्या खाली काय नेसलंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही म्हणून पायात चपला कसल्याही चालायच्या. इमारतीतही दुसरीचं स्थान दुसरंच होतं. मोठा स्टुडिओ पहिलीचा, आमचा जिन्याखालचा. पहिलीवाले आम्हाला 'सवतीची पोरं' म्हणायचे आणि आम्ही ते हसून घ्यायचो. तरी आमच्या गल्लीत माझा थाट असा होता की पहिलीवरचे मंत्रीसुद्धा माझ्यापुढे फिके.

आमचं घर जुईनगरच्या गावठाणात. रेल्वे स्टेशन, सेक्टर, सोसायट्या हे सगळं नंतर आमच्याभोवती उगवलं. शेत आणि मिठागर शहरासाठी गेलं होतं, बाबा मिठागरावरचे मुकादम होते ते एका कार्यालयात शिपाई झाले होते, आणि खाडीच्या बाजूने दिवसभर भरणीच्या मातीचे डंपर जायचे. त्या घरघरीतून एकच आवाज वर यायचा, तो आईच्या भाकरीचा. तांदळाची भाकरी ती दोन्ही तळव्यांवर थापायची, पट् पट् पट्, आणि तो ऐकून कितवी भाकरी चाललीय ते बाबा बरोबर सांगायचे. खाडी बुजत चालली होती तरी चिखलातले छोटे मासे, निवट्या, मिळत होत्या. निवट्यांचं तिखट कालवण आणि गरम भाकरी असली की बाबा कुणाशी बोलायचे नाहीत. सुका जवळा भाजायला घेतला की मी मात्र माझ्या ड्यूटीच्या साड्या उचलून शेजारच्या सोसायटीतल्या मैत्रिणीकडे नेऊन ठेवायची. आई एकदाच म्हणाली होती, "साडीला वास लागतोय, का तुला?"

खरं काम साड्यांपेक्षा जिभेचं होतं. कॉलेजात वक्तृत्वाच्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी उभं केलं होतं, "पाणी म्हणायचं, पानी नव्हे." वर्ग हसला. त्या दिवसापासून मी आमच्या आगरी बोलीतला प्रत्येक 'न' संशयित धरला. पानी, लोनी, कोन, बहिन, सगळ्यांची मी आरशासमोर हजेरी घेतली आणि 'ण' लावून पाठवून दिले. मग व्हायचं ते झालं. भीतीच्या मारे निरपराध 'न'सुद्धा माझ्या हातून मारले जाऊ लागले. एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी मी आईला म्हणाले, "माझं अभ्यासात मण लागत नाही." बाबा ओट्यावरून ओरडले, "मण कुठं लागतंय? खंडीभर लागंल!" मिठागरावर आयुष्य गेलेला माणूस, त्यांना मण आणि खंडीच आठवणार. आई हसून हसून पिठात बसली. मी आठवडाभर दोघांशी बोलले नाही. पण जीभ शेवटी सरळ झाली, इतकी की आज सोसायटीतल्या बायका म्हणतात, "कुंदाताई, तुमचं मराठी ऐकत राहावंसं वाटतं." मी आभार मानते आणि घरात येऊन दार लावून घेते.

दुसरीवर मला कुणी विचारलं की कुठल्या तुम्ही, तर मी सांगायची, "आम्ही नवी मुंबईत राहतो." आमचं पाटील हे आडनाव महाराष्ट्रात कुठेही खपतं. ऐकणाऱ्याला वाटायचं, नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेली देशावरची मंडळी असतील. मी खोटं बोलत नव्हते. नवी मुंबई नव्हती तेव्हापासून आम्ही तिथे राहत होतो, एवढंच सांगायचं राहून जायचं.

बाबांची धाकटी बहीण, आमची आते, जासईला दिलेली. कागदोपत्री नाव अनसूया, पण त्या नावाने तिला जन्मात कुणी हाक मारली नव्हती. ती आनशी. बाबांची आनशी, गावाची आनशी, तिच्या नवऱ्याचीही आनशीच. तिला मूल नव्हतं. नवरा गेल्यावर तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही, चुलीवर भात ठेवायची आणि लाकडं आणायला जाऊन शेजारणीकडे गप्पा मारत बसायची. जासईत डोंगराच्या आडोशामुळे दुसरी दिसायची नाही, नुसत्या मुंग्या चालायच्या. म्हणून माझी ड्यूटी असली की आते एसटीने आमच्याकडे यायची. काष्ट्याचं हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, हातात पिशवी आणि पिशवीत माझ्यासाठी काहीतरी, कधी करवंदं तर कधी चिंबोऱ्या. टीव्हीपुढे अगदी नाक लावून बसायची. मी दिसले की म्हणायची, "कुंदे, तू काचंतशी बगतेस तं मना वलकतेस का गो?" मी बोलायला लागले की मात्र गप्प व्हायची, आणि संपल्यावर बाबांना विचारायची, "दादूस, काय बोलली आपली पोर?" बाबा तिला माझं मराठी मराठीत समजावून सांगायचे. मला त्याची मजा वाटायची. आज नाही वाटत.

एका दुपारी आते आमच्याकडून जेवून परत निघाली. आई तिला थांब्यापर्यंत सोडायला गेली होती. आते म्हणाली, "जा तू वैनी, भाकऱ्या रायल्यान तुज्या," म्हणून आई मागे वळली. आतेला बसच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. ती बस ओळखायची रंगावरून आणि कंडक्टरच्या तोंडावरून. उरणची म्हणून ती मुंबईच्या बसमध्ये चढली. खाडीपुलाच्या पलीकडे कुठेतरी एक लुगड्यातली बाई रडत उतरली, एवढंच नंतर एका कंडक्टरने सांगितलं. बाबा, माझे दोन चुलतभाऊ आणि जासईची माणसं चार दिवस शहर धुंडाळत होती. पोलिसांत नोंद झाली. फोटो मागितला तर फोटोच नव्हता. आतेचा आयुष्यात एकच फोटो निघाला होता, कुणाच्या तरी लग्नात, आणि त्यात तिने लाजून पदर तोंडावर घेतला होता.

पाचव्या दिवशी सकाळी बाबांनी माझ्या हातात एक कागद दिला. बाबा चौथी शिकलेले, पेन्सिलीने लिहायचे. "तुमच्या दुसरीवं हरवल्याचं सांगतान ना? ह्या सांग," म्हणाले. तो कागद अजून माझ्याकडे आहे, म्हणून शब्दन्‌शब्द उतरवते. 'माजी भैन आनशी. वय साट. रंगान सावली. हिरवा लुगडा आगरी पद्दतीचा. कपालाव गोंदन हाय. आगरी बोलते. नाव विचारला तर आनशी सांगल. गाव विचारला तर जासय सांगल. कोनाला दादूस म्हनून हाक मारली तर समजावा का ती मना शोदते.' खाली बाबांचं नाव आणि आमचा गावठाणातला पत्ता.

दुसरीवर संध्याकाळच्या मालिकेनंतर 'हरवले आहेत'च्या सूचना असायच्या. पद्धत अशी होती की आलेल्या अर्जावरून निवेदिकेनेच वाचायचा मजकूर तयार करायचा, अर्ज मागे टाचायचा, निर्माते वर्तकसाहेब सही करायचे, आणि मग रेकॉर्डिंग. वर्तकसाहेब खिशाला दोन पेनं लावणारा मवाळ माणूस, एक सहीचं आणि एक लोकांना उसनं द्यायचं. मी त्यांना सांगितलं, एक सूचना आहे, फोटो नाही. ते म्हणाले, "मग शब्दच फोटो. अर्धं मिनिट जास्त घ्या, जे लिहायचं ते सगळं लिहा." हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. त्यांनी मला अर्धं मिनिट जास्त दिलं होतं.

मी लिहायला बसले. 'नाव विचारल्यास' इथवर आले आणि अडले. सवयीने हात 'आणशी' लिहून गेला. ते बघितलं तर चूक वाटलं, आणशी म्हणजे कुणीतरी काहीतरी आणणार असल्यासारखं. खोडून 'आनशी' लिहिलं, तर तेही चूक दिसायला लागलं, कारण इतकी वर्षं असा प्रत्येक 'न' मी हाकललेला. माझ्या सख्ख्या आतेचं नाव, जन्मापासून ऐकलेलं, आणि मला ते लिहिता येईना. त्याहून मोठी भीती पुढची होती. हे नाव तोंडाने म्हणायचं, आणि त्याच्या पाठोपाठ 'जासय' म्हणायचं, 'दादूस' म्हणायचं. मला ठाऊक होतं की यातला एक शब्द जरी मी म्हटला तरी तो घरच्यासारखाच बाहेर येईल, शिकवल्यासारखा येणार नाही, आणि काचेपलीकडची मेकअपवाली, कॅमेऱ्यामागची दोघं मान वर करून बघतील. फक्त मान वर करतील, दुसरं काही नाही. तेवढ्याला मी घाबरले. मी ती ओळ कापली. 'आगरी बोलते' कापलं. लुगड्याची नऊवारी साडी केली. आणि नितळ, गोल आवाजात वाचलं, "श्रीमती अनसूयाबाई ठाकूर, वय साठ वर्षे, रंग सावळा, अंगावर हिरवी नऊवारी साडी, कपाळावर गोंदण, मराठी बोलतात. मानसिक स्थिती अस्थिर असल्याने घरचा पत्ता सांगू शकत नाहीत." हे शेवटचं वाक्य तर माझ्या पदरचं. ती पत्ता सांगू शकत होती. जासय सांगत होती.

संध्याकाळी मी घरी आले तर ओटीवर गल्ली लोटलेली. जासईहूनही चार माणसं आली होती. मालिका संपली, मी काचेत आले, वाचलं आणि गेले. कुणीच हललं नाही. पाणीकपातीची सूचना सुरू झाली तेव्हा जासईची एक म्हातारी बाबांना म्हणाली, "आता आनशीचा कवा सांगनार?"

"सांगितला," बाबा म्हणाले.

"कवा? ती कोन अनसूयाबाय व्हती तीच ना आताशी?"

बाबांनी टीव्ही बंद केला. माणसं पांगल्यावर ओट्याच्या कडेला बसून त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाजात राग नव्हता, हे सगळ्यात वाईट. "कुंदे, ता आनशी नाव नाय आला काय गो? मी लिवला व्हता."

मी म्हणाले, "मी सगळं लिहिलं होतं बाबा. साहेबांनी ती ओळ कापली. नियमात बसत नाही म्हणाले."

इतकं सहज आलं तोंडातून की मलाच खरं वाटलं. बाबांनी मान हलवली. "त्यांना काय कलनार," एवढंच म्हणाले. आठवड्याने त्यांनी विचारलं, परत एकदा सांगता येईल का. नक्कीच आलं असतं, सूचना दोनदा-तीनदा द्यायची मुभा होती. पण नव्या सूचनेत आनशी म्हटलं तर ते पहिल्या वेळीही म्हणता आलं असतं हे उघड होणार, आणि नाही म्हटलं तर सूचनेला अर्थ नाही. मी म्हणाले, साहेब एकदाच देतात. बाबांनी वर्तकसाहेबांना पहिली शिवी त्या दिवशी दिली. आईने त्या दिवसांत भाकऱ्या तव्यावर करपवल्या, बाबा जेवताना दर घासाला दाराकडे बघायचे, आणि मी एक दिवसाआड फुलदाणीशेजारी बसून लोकांना नमस्कार करत होते.

आते सापडली ती त्यानंतर पाच आठवड्यांनी. शहरातल्या निराधार बायकांच्या एका आश्रयगृहात होती. तिथे भाजी टाकायला उरणकडचा एक टेम्पोवाला नव्यानेच यायला लागला होता. तो दारात क्लीनरशी आगरीत बोलत पोती उतरवत असताना आतून एक म्हातारी येऊन त्याला म्हणाली, "दादूस, जासयला चाललास का रं? मना न्हे." टेम्पोवाल्याने पोतं तिथेच टाकलं आणि विचारलं, "तू कोनाची गो?" तिने नाव सांगितलं, सासरचं सांगितलं, माहेरचं सांगितलं, भावाचं सांगितलं. ज्या बाईला पत्ता सांगता येत नाही असं मी सबंध मुंबईला सांगितलं होतं, तिने पाच वाक्यांत सगळं सांगितलं. तिच्या भाषेत विचारणारा भेटायची खोटी होती.

तिला आणायला बाबा आणि मी गेलो. तिथल्या सिस्टर केरळच्या होत्या, प्रेमळ, थकलेल्या. आतेचे केस उवांमुळे कापले होते, अंगात गाऊन होता. बाबा तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि "आनशे, आनशे" म्हणत तिचे हात चोळत राहिले. सिस्टर मला बाजूला घेऊन सांगू लागल्या, अगदी मनापासून, "आमी टीव्हीवर ते सांगितलेलं बघितलं होतं मॅडम. माझ्या मनात आलं पन, हीच असेल काय. वय बरोबर, गोंदन बरोबर. मी हिला अनसूयाबाई, अनसूयाबाई म्हनून चार वेळा हाक मारली. तिनं बघितलंच नाय. आनि टीव्हीवर सांगितलं मराठी बोलते. ही मराठी कुठं बोलत होती?" मग जरा लाजून म्हणाल्या, "मी मराठी टीव्हीवरूनच शिकले, त्या दुसऱ्या चॅनलवर. ते बाई लोक किती साफ बोलतात. तसं मराठी मला समजतं. हिचं मला कायच समजायचं नाय. मला वाटलं, ही लांबची कुठली तरी आदिवासी असेल. मग ती बोलायचीच बंद झाली, म्हनून आमी नाव शांता ठेवलं."

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मेकअप नव्हता आणि मी तोंड उघडलं नव्हतं. बाबांनी मात्र हे सगळं ऐकलं होतं. ते उठून सिस्टरना म्हणाले, "तुमची चूक नाय बाय. आमच्या पोरीनी बरोबर लिवला व्हता. तिच्या साहेबानी कापला." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी आजही सांगू शकेन पाठीवर कुठे होता.

घरी आणल्यावर आते कोपऱ्यात बसून राहायची. आनशी म्हटलं की दचकायची, आणि शांता म्हटलं की ओ द्यायची. हे आईच्या लक्षात आलं, तिने बाबांना सांगितलं नाही, मला सांगितलं. हळूहळू ती बरीच परत आली, दोन वर्षं आमच्याजवळ काढली, निवट्यांच्या कालवणाला नावं ठेवण्याइतकी सुधारली. पण टीव्हीपुढे पुन्हा बसली नाही. मी काचेत आले की उठून मागच्या दारी जायची. कशामुळे ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर कुठल्या भाषेत विचारलं असतं?

माणूस सापडला की दुसरीवर त्याची नोंद करायची असे. वर्तकसाहेबांनी त्यासाठी फाईल काढली. माझ्या सुवाच्य मजकुराच्या मागे पेन्सिलीचा तो कागद टाचलेला होता, आणि कागदाखालचा पत्ता आणि माझा पत्ता एकच होता. त्यांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. "तुमच्या आत्या होत्या? सांगायचं नाही का?" एवढंच म्हणाले, आणि येत्या रविवारी त्यांना बघायला आलं तर चालेल का, असं विचारलं. नको म्हणायला मला कारण सुचलं नाही.

रविवारी सकाळी ते आले. हातात मोसंब्यांची पिशवी, खिशाला दोन पेनं. गावठाणातली बोळं विचारत विचारत आल्यामुळे घामेजले होते. आईने पाण्याचा तांब्या भरला. आमच्या घरी दारात आलेला माणूस, मग तो भरणीच्या डंपरचा ड्रायव्हर का असेना, पाणी घेतल्याशिवाय गेला असं झालं नव्हतं. बाबांनी आईला हाताने थांबवलं.

"तुमीच ते साहेब काय? दुसरीवाले?"

"हो. मी वर्तक. तुमच्या बहिणीला..."

"ती काय तिथं बसलीय," बाबा म्हणाले. "बगा तिचं क्यास. बगा ती कशी बसलीय ती. पाच हप्ते ती तिथं आनशी आनशी सांगत व्हती आनी कोनाला कलत नव्हता. मी लिवून दिला व्हता. माज्या पोरीनी लिवला व्हता. तुमी ती लाईन कापली. का कापली? तुमचा काय जात व्हता?"

ओटीवर शेजारची दोन-तीन माणसं गोळा झाली होती. वर्तकसाहेबांनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भिंतीला टेकून उभी होते. तो क्षण लांब होता, चांगला लांब होता, त्यात एक वाक्य सहज बसलं असतं. मला तर अर्ध्या मिनिटात वाक्यं बसवायची सवयच होती. मी त्यांच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिले.

"खरं आहे," ते म्हणाले. "ती ओळ राहायला हवी होती. मी नियम बघत बसलो. चूक माझीच आहे." त्यांनी पिशवी खाली ठेवली, आतेच्या समोर जाऊन वाकले, आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "आनशीबाई, मला माफ करा." आतेने त्यांच्याकडे बघितलं आणि पदर सावरला.

बाबांचा सगळा आवाज गेला. त्यांना भांडायचं होतं, बहुतेक पाच आठवडे तेवढंच करायचं होतं, आणि समोरचा माणूस असा हात जोडून उभा. त्यांनी स्वतः आईच्या हातून तांब्या घेतला आणि साहेबांना पाणी दिलं. मग चहा झाला. बाबा त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. माझ्यापुढून जाताना वर्तकसाहेबांनी बाबांचा तो पेन्सिलीचा कागद, घडी घातलेला, माझ्या हातात ठेवला, एखादी सूचना द्यावी तसा, आणि माझ्याकडे न बघता चपला घातल्या. त्यानंतर मी दुसरीवर आणखी चार वर्षं होते. त्यांनी हा विषय कधी काढला नाही, मीही नाही. ते निवृत्त झाले, नंतर गेल्याचं कळलं. बाबा तर त्याही आधी गेले.

बाबा रस्त्यावरून परत आले तेव्हा मी अजून भिंतीशीच उभी होते. ओट्याची पायरी चढता चढता ते थांबले, पंच्याने तोंड पुसलं आणि कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने माझ्याशी बोलले.

"बग कुंदे, यवरा मोठा साहेब. घरी आला, चार मानसांत सांगतला का माजी चूक झाली. आपल्याला वाटला व्हता तसा मानूस वायट नाय." आणि जरा थांबून, मला धडा द्यावा तसं म्हणाले, "चूक कबूल कराला छाती लागते. सगल्यांना नाय जमत."

"हो बाबा," मी म्हणाले.